आधी उत्तर, मग प्रयोग

मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत शिकवतो. पहिल्या धंद्यात खोटे लिहिण्याची मला पूर्ण मुभा आहे. न झालेली लग्ने मी लावतो, नसलेल्या वाड्यांत नसलेल्या माणसांची भांडणे जुंपून देतो. वाचक रागावत नाहीत, उलट पुढच्या दिवाळीला आणखी एखादे भांडण मागतात. परंतु वर्षाअखेरीस शिक्षकांच्या खोलीत विज्ञानाच्या प्रयोगवह्यांची जी चळत येऊन पडते, तिच्यापुढे माझ्यासारख्या कसलेल्या थापाड्यानेही हात जोडावेत. साठ मुले, साठ वह्या, आणि साठही जणांच्या लंबकाचा आंदोलनकाल दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत अगदी एकच! एका मुलाचा हात कापला नाही, एकाचे मोजताना लक्ष उडाले नाही, एकाचा दोरा अर्धा सेंटिमीटर आखूड पडला नाही. इतके एकमुखी कल्पित वाङ्मय मराठीत दुसरे निर्माण झाले असेल असे मला वाटत नाही.

दिवाळीच्या दिवसांत थट्टा चालते. पण मी हे थट्टेने सांगत नाही. मुलाला स्वतःच्या हस्ताक्षरात, तारीख घालून, शिक्षकाच्या सहीनिशी खोटे लिहायला शिकवणारा एकच विषय आपल्या शाळेत आहे, आणि तो विज्ञान हा आहे. निबंधात मूल दुसऱ्याची वाक्ये उसनी घेते, हे खरे. पण निबंध म्हणजे डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची साक्ष आहे, असे कोणी म्हणत नाही. प्रयोगवहीत मात्र ‘निरीक्षण’ नावाचा एक रकाना असतो. त्या रकान्याचा अर्थ एवढाच की, ‘हे मी पाहिले.’ आणि तो रकाना भरण्याची आपली रीत कोणती? फळ्यावर आधी ‘अनुमान’ लिहिले जाते, मग त्या अनुमानाला शोभतील असे आकडे मागे मागे जाऊन बसवले जातात. गेल्या वर्षीची वही हाताशी असली तर तेवढेही कष्ट नकोत.

एक साधे उदाहरण घेऊ. पाण्याचा उत्कलनांक काढावयाचा आहे. चंचुपात्रात पाणी आहे, खाली दिवा आहे, तापमापी टांगलेली आहे. पाणी खळाखळा उकळू लागते आणि पारा अठ्ठ्याण्णव अंशांवर जाऊन थांबतो. मूल वहीत काय लिहिते? शंभर. का? पुस्तकात शंभर आहे, परीक्षेत शंभरालाच गुण आहेत, आणि अठ्ठ्याण्णव लिहिणारा वर्गात मूर्ख ठरतो. मूल क्षणभर पाऱ्याकडे पाहते, क्षणभर फळ्याकडे पाहते, आणि शेवटी फळ्यावर विश्वास ठेवते. माझ्या मते त्या क्षणी त्या मुलाचे विज्ञानशिक्षण संपले. पुढे ते अभियंता होईल, डॉक्टर होईल, परदेशी जाईल. पण डोळ्यांना दिसते एक आणि वरून सांगितले जाते दुसरे, असा प्रसंग आला की ते कोणाची बाजू घेईल, हे आपण त्या दिवशी ठरवून टाकले.

आता ते अठ्ठ्याण्णव वहीत राहू दिले असते तर काय झाले असते, ते पाहा. पाणी समुद्रसपाटीला शंभर अंशांच्या आसपास उकळते. जसजसे उंच जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी आधी उकळते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणून तेथे पाणी अठ्ठ्याण्णवाच्या आसपासच उकळायला लागते. (पुणेकर मुंबईकरांपेक्षा दोन अंश आधीच उकळतात, ही गोष्ट अशी शास्त्रशुद्ध आहे!) पण आपण तर अंधेरीत आहोत. येथे दाबाच्या चढउताराने फार तर अर्ध्या अंशाचा फरक पडावा. दोन अंश कोठून आले? मग तीच तापमापी वितळत्या बर्फात बुडवून पाहावी. तेथेही ती शून्याच्या खाली दोन अंश दाखवीत असेल, तर पाणी निर्दोष आणि तापमापी दोषी. तेथे ती बरोबर शून्य दाखवीत असेल, तर गूढ आणखी वाढले. एका ‘चुकलेल्या’ आकड्यातून दाब, उंची, उपकरणाचा दोष आणि तो शोधण्याची युक्ती, एवढे सगळे बाहेर पडले. शंभर लिहिले असते तर यातले काहीच बाहेर पडले नसते. एक गुण मात्र पडला असता.

कोणी म्हणेल, ‘अहो, काळ बदलला. आता सगळीकडे कृतीतून शिक्षणच चालते.’ चालते खरे! २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात अनुभवातून शिकण्यावर मोठा भर आहे. आमच्या उपनगरांत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, शाळांच्या फलकांवर यंत्रमानवांच्या प्रयोगशाळेचे फोटो झळकतात. स्टेशनजवळच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत तयार ‘प्रोजेक्ट’ टांगलेले असतात: थर्माकोलचा ज्वालामुखी, पुठ्ठ्याची पवनचक्की, बटन दाबताच दिवा लागणारे गाव. आई संध्याकाळी कचेरीतून उतरते, भाजी घेते, प्रोजेक्ट घेते आणि घरी जाते. रात्री बाप त्याला डिंक लावतो. सकाळी मूल ते दोन्ही हातांनी सांभाळीत शाळेत नेते. यात मुलाच्या हाताला काम मिळाले, हे मी नाकारीत नाही. पण ते हमालीचे काम झाले.

महागड्या पेटीतल्या यंत्रमानवाची गतही फारशी निराळी नाही. पायरी एक ते पायरी बारा, चित्रांसह. बारावी पायरी झाली की चाक फिरते आणि फोटो निघतो. चाक फिरले नाही तर ताई येऊन तार बदलून देतात. ते का फिरले नाही, हा तासातला एकुलता एक विज्ञानाचा प्रश्न. आणि नेमका तोच मुलाच्या हातून काढून घेतला जातो. सामान बदलले, भाव वाढला. उत्तर मात्र आधीच ठरलेले राहिले. हात चालले म्हणजे डोके चालले, असे मानावयाचे तर सत्यनारायणाची पूजाही कृतिशील शिक्षणच होय; तेथेही साहित्याची यादी असते, क्रम ठरलेला असतो आणि फळ आधी सांगून ठेवलेले असते.

म्हणून माझी प्रयोगाची व्याख्या अगदी साधी आहे. ज्याचे उत्तर करणाऱ्याला ठाऊक नाही आणि जे उत्तर येईल ते लिहिण्याची ज्याला मोकळीक आहे, त्याने केला तर तो प्रयोग. याला प्रयोगशाळा लागत नाही. उपनगरातल्या कोणत्याही शाळेच्या चौकात एक काठी उभी करा. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हे प्रत्येक मुलाला पाठ असते. दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने आखायला सांगा. दिवाळीच्या सुमारास सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही. ती पडते बारा वाजून बावीस-तेवीस मिनिटांनी. फेब्रुवारीच्या मध्यास तोच उद्योग करा, तर बारा त्रेपन्न! आणि त्या वेळीही सूर्य डोक्यावर नसतो, दक्षिणेला कललेला असतो. तो मुंबईच्या डोक्यावर बरोबर येतो वर्षातून दोनच दिवस, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी असते आणि दुसऱ्या वेळी आभाळ भरलेले असते, म्हणून ही गोष्ट मुलांच्या कधी दृष्टीस पडत नाही.

बारा बावीस का? कारण आपले घड्याळ मुंबईच्या सूर्यावर चालत नाही. ते साडेब्याऐंशी रेखांशावर, म्हणजे पार मिर्झापूरच्या बाजूला, लावलेले आहे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने ती मुकाट्याने घेतली नाही. एकोणचाळीस मिनिटे मागे असणारा आपला ‘मुंबई टाइम’ तिने पुढेही कित्येक वर्षे सांभाळला. आजोबांच्या तोंडी ऐकलेला तो शब्द आणि नातवाच्या खडूची खूण एकाच काठीपाशी भेटतात. एकोणचाळीसातले उरलेले मिनिटांचे खेळ पृथ्वीच्या कललेल्या आसाचे आणि लंबवर्तुळाकार कक्षेचे. ते नववीतल्या मुलाला तेवढ्यावरच सोडून द्यावे. वर्षभर सावल्या आखल्यावर त्याची भूक आपोआप वाढते.

दुसरे उदाहरण पावसाचे. २६ जुलै २००५ या दिवसाची आठवण उपनगरातल्या कोणाला करून द्यावी लागत नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आणि त्याच दिवशी, त्याच शहरात, कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटरच्या आसपास. शहर एक, पण पाऊस तेरापट! मग मुलुंडच्या गच्चीवर किती पडला? गोराईच्या खाडीवर किती? घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत किती? सरळ बाजूंचा एक डबा, एक फूटपट्टी आणि रोज सकाळी ठरल्या वेळी मोजून पाणी ओतून देणारे एक मूल, एवढ्यावर हा प्रयोग चालतो. जागा उघडी हवी आणि आकडा प्रामाणिक हवा. आपल्या शाळेच्या गच्चीवर आज किती पाऊस पडला, हे जगातल्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. तेथे फळ्यावरून उतरवून घेण्याची सोयच नाही. दहा शाळांनी असे दहा डबे ठेवले, तर त्या वह्या शाळेला गुण मिळवून देतीलच असे नाही. पण त्या वह्यांचा शहराला उपयोग होईल.

हे स्वप्नरंजन आहे काय? मुळीच नाही. ते घडलेले आहे, आणि त्याचे एक मूळ याच मुंबईत आहे. १९७२ साली मध्यप्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे हल्लीच्या नर्मदापुरममध्ये, ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी सोळा ग्रामीण माध्यमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ तेथे जाऊन गुरुजींच्या बरोबरीने जमिनीवर बसले. १९७८ मध्ये तो कार्यक्रम जिल्हाभर पसरला, पुढे ‘एकलव्य’ संस्थेने तो आणखी जिल्ह्यांत नेला. तेथे परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवून बसण्याची मुभा होती, आणि हातांनी करून दाखवण्याची परीक्षा निराळी होती. मुले आपले प्रश्न पत्राने ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक गृहस्थाला विचारीत, आणि त्यांना उत्तरे येत. पुण्याच्या टेल्कोतला एक तरुण अभियंता, अरविंद गुप्ता, १९७८ मध्ये तेथे गेला; आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्वची नळी यांतून भूमिती उभी करण्याची त्याची विद्या तेथलीच. ते गुप्ता पुढे पुण्याच्या ‘आयुका’त मुलांच्या विज्ञानकेंद्रात कित्येक वर्षे कचऱ्यातून खेळणी करीत राहिले, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

होशंगाबादचा कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला. तीस वर्षे साध्या सरकारी शाळांत, साध्या गुरुजींनी चालवलेली गोष्ट एका हुकमाने संपली. ती परवडत नव्हती किंवा अवघड होती म्हणून बंद पडली, असे कोणी सांगू लागले तर तीस वर्षांचा आकडा त्याच्यापुढे ठेवावा.

आणि आपल्या उपनगरात काय आहे? मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा संस्थेने ते १९७४ मध्ये सुरू केले. प्राध्यापक व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी महापालिकेच्या शाळांतल्या दलित मुलांबरोबर काम करून दाखवले की, मुलांची बुद्धी कोठेच कमी नव्हती. पुस्तकाची अवजड भाषा आणि प्रश्न विचारू न देणारी वर्गाची रीत आड येत होती. त्याच केंद्रात जयश्री रामदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक वर्गांसाठी अशी पुस्तके केली की ज्यांत उत्तरांपेक्षा प्रश्न आणि कृती अधिक. घाटकोपरहून मानखुर्द किती लांब? बेस्टच्या बसने जाता येते. पण आमच्या शाळांना यंत्रमानवाच्या पेटीचा विक्रेता लवकर सापडतो, मानखुर्द सापडत नाही. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांनी १९८१ पासून चालवलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत ठेवली, ती मुलाचा स्वतःचा विचार दिसावा म्हणून. आम्ही त्या विचाराचेही क्लास काढले!

आता माझ्यावर येणारे आक्षेप मीच मांडतो. पहिला आक्षेप असा की, मुलाने सगळेच स्वतः शोधायचे म्हटले तर न्यूटनपर्यंत पोचायला तीनशे वर्षे लागतील. अगदी खरे. पुष्कळ गोष्टी सांगाव्याच लागतात, पाठही कराव्या लागतात. पाढे कोणी प्रयोगाने शोधू नयेत. माझे म्हणणे एवढेच की, वर्षाला शंभर गोष्टी सांगा, परंतु दहा गोष्टी खरोखर पाहू द्या. आणि त्या दहांत ढवळाढवळ करू नका.

दुसरा आक्षेप साठ मुलांच्या वर्गाचा. हा आक्षेप मी मास्तर म्हणून मनापासून मानतो. साठ चंचुपात्रे आणि साठ दिवे यांच्या कल्पनेनेच मला घाम फुटतो. पण काठी साठांना एकच पुरते. डबाही एकच पुरतो. आणि साठ जणांनी एकाच दोऱ्याची लांबी मोजली की साठ वेगळे आकडे येतात. त्यांतला खरा कोणता, हा वाद सुरू झाला म्हणजे मोठा वर्ग ही अडचण न राहता भांडवल होते. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी माँटेसरीची परदेशी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया आणि दगडगोटे यांवर आदिवासी मुलांची शाळा चालवली, तेव्हा त्यांच्यापाशी तरी काय होते?

तिसरा आक्षेप गुणांचा, आणि खरी मेख येथेच आहे. दहावीच्या विज्ञानाच्या शंभर गुणांपैकी ऐंशी लेखी परीक्षेचे, वीस प्रात्यक्षिकाचे. ते वीस शाळेच्या हातात असतात, आणि बहुतेक ठिकाणी ते दिवाळीच्या फराळासारखे घरोघर सारखे वाटले जातात. पालकही त्यावर खूष असतात. मी पालकांना विचारतो: तुमच्या मुलाने अठ्ठ्याण्णव लिहून दोन गुण गमावले, तर तुम्ही शाळेत भांडायला याल, पण अठ्ठ्याण्णव पाहून शंभर लिहिले आणि दोन गुण मिळवले, तर कधी भांडायला आलात काय? वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे १९७६ पासून आपल्या राज्यघटनेत नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. ते कर्तव्य भाषणांत पार पडत नाही. ते त्या ‘निरीक्षण’ रकान्यात पार पडते, नाहीतर कोठेच नाही. मोबाइलवर आलेली कोणतीही भाकडकथा पुढे ढकलणारा सुशिक्षित माणूस आभाळातून पडत नाही. आपणच त्याला वही तपासून, लाल शाईने ‘उत्तम’ शेरा देऊन तयार केलेला असतो.

मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरच्या दुकानातला उमेदवार. शाळा नावापुरती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने होत आली आहेत. त्यांत त्याने १८४८ मध्ये आणि पुन्हा १८६०-६१ मध्ये विषय घेतला तो एका मेणबत्तीचा. त्यांचे नाताळ, तशी आपली दिवाळी. आपल्याकडे तर दारोदार पणत्या! तेलाला ज्योत शिवत नाही, मग जळते काय? तेल असेतो वात का टिकते? ज्योतीच्या वर, जरा अंतर ठेवून, बर्फाचे पाणी भरलेले स्टीलचे भांडे धरा. त्याच्या बुडाला काजळी धरते आणि दवही धरते. दिव्यातून पाणी आले कोठून? मोठ्या माणसाने शेजारी उभे राहावे, हात भाजणार नाही एवढे पाहावे, आणि उत्तर ठाऊक असले तरी तोंड मिटून राहावे. हे शेवटचे काम सर्वांत कठीण, हे मला ठाऊक आहे. मी मास्तर आहे.

तेव्हा माझ्या मागण्या तीन आहेत, आणि त्यांना पैसा लागत नाही. शाळांनी प्रात्यक्षिकाच्या वीस गुणांतले निम्मे, आलेला आकडा जसाच्या तसा लिहिण्याला आणि तो तसा का आला याच्या विचाराला द्यावेत. उत्तर पुस्तकाशी जुळते की नाही, हे पाहू नये. पालकांनी तयार प्रोजेक्ट विकत घेणे थांबवावे. मुलाचा वाकडा ज्वालामुखी शाळेत वाकडाच जाऊ द्यावा. आणि माझ्या व्यवसायबंधूंनी वर्षातून एकदा तरी वर्गापुढे असा प्रयोग करावा की, ज्याचे उत्तर स्वतः त्यांनाही ठाऊक नाही. मुलांना त्या दिवशी विज्ञान किती समजेल ते मी सांगू शकत नाही. पण वहीत लिहिलेले एक वाक्य खरे असेल, आणि ते त्यांनी स्वतः पाहिलेले असेल.